मालक आहेत का? अर्थात समाधानरावांच्या फोनमोहिमेची बखर

श्री गोदामाई प्रसन्न.

पंचवटी, मखमलाबाद, गिरणारे आदिकरून मुलखातील समस्त दुकानदार, गिऱ्हाईक आणि अनोळखी नंबर न उचलणारे सकळ सुज्ञ यांचे सेवेसी बखरकाराचा दंडवत. नाशिक प्रांती आजवर लढाया बहुत जाहल्या आणि ज्याने त्याने त्यांच्या बखरी लिहिल्या. परंतु दिंडोरी नाक्यावरील एका गाळ्यात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसोन, एका हाती फोन आणि दुसऱ्या हाती खोकल्याची गोळी धरून जी लढाई राजश्री समाधानराव घोटीकर यांणी मारिली, तिचे वर्तमान कोणी कागदी आणिले नाही. ते आणावे, पदरचे घालू नये, आणि झाले ते झाकू नये, ऐसे मनी धरून ही हकिकत लिहिली असे. वाचणाराने आपला फोन सायलेंटवर टाकावा आणि चित्त द्यावे.

तरी दिंडोरी नाक्यावर हिरवाई ॲग्रो म्हणोन गाळा आहे, आणि तेथील गादीवर खासा मोहिनीबाईसाहेब. तीर्थरूपांचे पश्चात भाऊबंदांनी मसलत दिली की खते-बियाणे हा पुरुषांचा कारभार, येथे मालक कोठे, तरी बाईने गाळा भाड्याने द्यावा आणि स्वस्थ बसावे. बाईसाहेबांनी मसलतकारांस चहा पाजिला, वाटेस लाविले आणि दुसरे दिवशी शटर आपल्या हाते वर केले. ऐसी कर्ती बाई. त्यांचे पदरी कंपनीने एक यंत्र दिले, निंदणीचे. ते दोन सऱ्यांमधून हाताने चालवीत नेले म्हणजे तण मुळासकट उपटून मातीस मिळविते. कंपनीच्या कागदी त्याचे नाव पॉवर वीडर, आणि ते दुरुस्त करणारे दत्तू मिस्तरी यांचे मुखी त्याचे नाव 'बारकं'. या बारक्याची एजन्सी हीच हिरवाईची जहागीर, आणि तीवरच गाळ्याचा सारा संसार.

त्या जहागिरीवर गंडांतर आले. पाऊसकाळ मध्यावर, शिवारात तण माजलेले, आणि यंत्रे गाळ्यात धूळ खात उभी. मग कंपनीचे वकील, म्हणजे प्रतिनिधी, अमितसाहेब पांढरे बूट घालून नाशकास दाखल जाहले आणि त्यांणी हुकूम सुनाविला की येत्या रविवारी यंत्राचा डेमो करावा आणि खरे घेणारे गिऱ्हाईक जमवावे. जमले तर जहागीर कायम, न जमले तर ती समोरच्या गाळेवाल्यास बहाल. हे समोरच्याच्या कानी गेले आणि त्याने नव्या पाटीसाठी भिंत धुवून तयार ठेविली. ते पाहून बाईसाहेबांनी भजी मागविली आणि तैशीच राहू दिली.

आता गिऱ्हाईक जमवावे तर फोन करणे आले, आणि फोनवर बोलणारी मुलगी नुकतीच लग्न होऊन सासरी गेलेली. तिच्या खुर्चीवर त्या वेळी समाधानराव बसले होते. ते काही पराक्रमाच्या इराद्याने नव्हे. खुर्ची पंख्याखाली होती आणि ते गोदामातून गोणी टाकून नुकतेच आले होते. बाईसाहेबांनी पाहिले, आणि तेथल्या तेथे फोनची सरदारी त्यांचे गळ्यात पडली.

वास्तविक समाधानरावांस बोलणे म्हणजे मोठे संकट. शाळेत हजेरी घेताना शेजाऱ्याने यांच्या नावाचे 'हजर' म्हणावे, आणि बसमध्ये उतरायचा थांबा आला तरी कंडक्टरास कसे सांगावे म्हणोन पुढल्या थांब्यावर उतरून चालत यावे. घोटीत त्यांस लोक मुका म्हणत आणि ते त्याचाही प्रतिवाद करीत नसत. मामाच्या भातगिरणीत पूर्वी चाकरी होती, तेथे यंत्राची धडधड ऐसी की बोलण्याचे कामच नाही, हे सुख; पण कोंडा नाकात जाऊन शिंकांची माळ लागे ती संध्याकाळपर्यंत. नाशकास आल्यापासोन शिंका बंद. म्हणोन फोनची खुर्ची टिकली पाहिजे, नाहीतर पुन्हा घोटी आणि पुन्हा कोंडा, हे त्यांणी पक्के ओळखिले आणि खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी विकत घेतली.

अमितसाहेबांनी फोन कैसा करावा याचे फर्मान दिले, ते ऐसे: बोलते वेळी हसावे, कारण हसू पलीकडे ऐकू जाते, हसू दिसावे म्हणोन समोर आरसा टांगावा, सुरुवातीस 'मालक आहेत का' ऐसे पुसावे, कारण घेणे न घेणे मालकाचे हाती, मालक नसतील तर इतरांशी बोलून दम घालवू नये. बाईसाहेबांनी फर्मान मस्तकी धरिले आणि आरसा टांगविला. समाधानराव त्यात पाहून ऐसे हसले की खत घ्यावयास आलेले एक म्हातारबाबा 'दाढ दुखती काय' म्हणोन पुसते जाहले.

मग युद्धास तोंड लागले. मागल्या कृषी प्रदर्शनात बक्षिसाच्या सोडतीसाठी शेतकरी मंडळींनी आपली नावे आणि नंबर देऊन ठेविले होते. त्याच नंबरांवर स्वारी निघाली. पहिले दिवशी सकाळी मोर्चे लाविले, तो कोणी फोन उचलीना, कारण सारा मुलूख टोमॅटो घेऊन गिरणाऱ्याच्या बाजारी गेलेला. दुपारी लाविले तर आत भजनाच्या धूनी वाजू लागल्या, आणि समाधानराव भाविक असल्याकारणे शेवटपर्यंत हात जोडून बसले. कोठे पलीकडच्या पडद्यावर हा नंबर लाल अक्षरात फसवेगिरीचा म्हणोन झळकला, आणि किल्ला लढण्यापूर्वीच दरवाजे बंद. एका बाईने फोन उचलिला आणि यांणी ब्रही काढण्यापूर्वीच बजाविले की आम्ही ओटीपी सांगत नसतो. यांणी घाबरून 'बरोबर आहे, सांगू नका' म्हणितले आणि आपणच फोन ठेविला.

आणि जेथे जेथे फोन लागे, तेथे तेथे नवलच की आवाज बाईचा. हा काय चमत्कार, ते समाधानरावांस उमगेना. फर्मानाप्रमाणे ते पुसत, मालक आहेत का. पलीकडून उत्तर येई, नाहीत. आणि फर्मानाप्रमाणेच ते आभार मानून माघार घेत. एकीने सांगितले की मालक नाहीत, बैल आहे, त्याच्या कानाशी धरू का. सखुबाई नामे एका आजीबाईंनी मात्र यांस सोडिले नाही. कोणाचे, कोठले, घोटीत कोणत्या गल्लीत, लग्न झाले की नाही, येथवर जाबजबाब घेऊन आपल्या नातीचे शिक्षणही सांगितले, आणि समाधानराव आरशात पाहून हसता हसता कानापर्यंत लाल जाहले. ती मोहीमही निष्फळ, कारण यंत्राचा शब्दच निघाला नाही.

ऐसे रोज लढावे आणि रोज हरावे. गिरणारे गावच्या चिमणाबाई मंगळू बेंडकोळी म्हणोन होत्या, त्यांच्या ठाण्यावर तर तीन वेळ हल्ला केला आणि तिन्ही वेळ 'मालक नाहीत' ऐकून परत फिरले. समोरच्या गाळेवाल्याने एव्हाना रंगारी बोलाविला. अमितसाहेब शहरातल्या लॉजात उतरून रोज सायंकाळी 'किती जमले' म्हणोन विचारीत, आणि बाईसाहेब 'जमताहेत' म्हणोन उत्तर देत. डेमोची जागा मात्र बाईसाहेबांनी थाटात ठरविली होती: गंगापूर रोडकडील एक लग्नाचे लॉन, हिरवेगार, कापलेले, झालरीच्या खुर्च्या, आणि नवरानवरीच्या सिंहासनाशेजारी यंत्र ठेवावयाची योजना. जागा पाहून बाईसाहेब संतुष्ट, आणि माणसे कोठून आणावी या चिंतेने समाधानरावांस भात गिळवेना.

तेव्हा दैवाने कूस पालटिली. शुक्रवारी दुपारी समाधानराव डोके धरून बसले असता फोन वाजला. आजवर त्या खुर्चीवरून फोन जात, येत नसत. यांणी दचकोन उचलिला, तो गडबडीत स्पीकरचे बटण दाबले गेले, आणि चिमणाबाईंचा आवाज साऱ्या गाळ्यात घुमला.

"तुम्ही रोज इचारता, मालक हायेत का. आज मी इचारते. तुमच्याकडं मालक हायेत का?"

समाधानरावांनी आरशात पाहिले, हसावे की रडावे ते कळेना, आणि खरे तेच बोलून गेले. "मालक नाहीत. मालकीणबाई आहेत."

"मंग तिकडं मालकीण चालती, आन इकडं मालकच लागतो व्हय? निंदायला काय माझा मालक बसतो का?"

चिमणाबाईंनी विनाविलंब पुढला खुलासा केला. प्रदर्शनात जितके म्हणोन नवरे गेले, तितक्यांनी आपापल्या बायकांचे नंबर देऊन ठेविले, का की पुढे खतवाले, बँकवाले, विमेवाले यांचा जाच आपल्या डोक्याशी नको. मंगळूनेही तेच केले आणि वर घरी येऊन फुशारकी मारिली. तेव्हापासून सारे विकणारे चिमणाबाईंचे कानाशी, आणि त्यांतला एकही त्यांस काही विकीत नाही. प्रत्येकाला मालक पाहिजे. इकडे वावरात तण झेंडूच्या वर गेले, वाकून वाकून कंबर राहिली नाही, निंदणीला बाई मिळत नाही, कारण ज्या मिळायच्या त्या आपापल्या वावरात वाकलेल्या. तुमचे ते यंत्र निंदते की नुसतेच मालकाला विचारते, ते सांगा म्हणाल्या.

समाधानरावांस एवढेच बोलवले, "हं."

आणि काय सांगावे, त्या एका हुंकाराने किल्ल्याचे दार सताड उघडले. चिमणाबाई तण किती, कोणते, लव्हाळा कैसा परत परत फुटतो, हरळी कैसी हात कापते, मागल्या साली फवारणी करून झेंडूच कैसा जळाला, ऐसे एकामागोमाग एक सांगत गेल्या, आणि समाधानराव जागच्या जागी हं, हं, अरेरे, हं, ऐसे करीत गेले. आयुष्यभर ज्या मुकेपणाने हसे जाहले, तोच आज त्यांचे हाती शस्त्र होऊन आला. शेवटी त्यांणी रविवारी लॉनवर यंत्र पाहावयास येण्याची विनंती केली. चिमणाबाईंनी पुसले, लॉनवर तण आहे का. यांणी कबूल केले की नाही, गवत कापलेले आहे, खुर्च्या आहेत. तेव्हा पलीकडून आले की मग यंत्र काय खुर्च्या निंदणार, आणा ते माझ्या वावरात, तण म्हणाल तितके देते.

बाईसाहेब हे सर्व ऐकत होत्या. त्या उठल्या, भिंतीवरला आरसा उतरविला, आणि उतरविताना क्षणभर आपलेच तोंड पाहिले. ज्यांणी आपणास 'मालक कोठे' म्हणोन पुसले त्यांस आपण चहा पाजून वाटेस लाविले, आणि तोच प्रश्न आपल्याच गाळ्यातून गावोगाव धाडीत बसलो, याची त्यांस मोठी लाज वाटली. ती त्यांणी लपविली नाही. समाधानरावांस म्हणितले की फर्मान रद्द, लॉनही रद्द, आता तुझ्या मनास येईल तैसे पूस. इतके बोलून पुन्हा भजी मागविली, आणि या खेपेस ती खाल्लीही.

मग दुसरी मोहीम उठली, तिची शर्थ वर्णावी तितकी थोडी. समाधानराव फोन लावीत आणि एवढेच पुसत, "ताई, निंदणी कुठवर आली?" त्यापुढे त्यांस काही बोलावे लागत नसे. जणू पाटाचे दार उचलिले. मखमलाबादेच्या मळ्यातून, गिरणाऱ्याच्या टोमॅटोतून, दिंडोरीकडच्या भुईमुगातून कंबरदुखीचे, नणंदांचे, मजुरीचे आणि लव्हाळ्याचे वर्तमान येऊ लागले आणि हे हुंकार देत राहिले. आधी ज्या ठाण्यांनी दार लाविले होते, तेथूनच बोलावणी येऊ लागली. बैलाच्या कानाशी फोन धरू पाहणाऱ्या बाईंनी आपल्या बचत गटास निरोप धाडिला. सखुबाईंनी नातीचा विषय तहकूब करून सुनेस पाठविण्याचे वचन दिले. फोन तापून भाकरीसारखा जाहला, तो पंख्याखाली निववावा आणि पुन्हा लढावे. खोकल्याच्या गोळ्या मात्र तैशाच राहिल्या, घसा वापरायचे कामच पडेना.

रविवार उजाडला. पावसाने दोन दिस उघडीप दिली होती आणि जमिनीस वाफसा आलेला, म्हणजे पाय रुतत नाही आणि ढेकूळ मोडते, ऐसा सुयोग. दत्तू मिस्तरी बारक्यास टेम्पोत घालून चिमणाबाईंच्या वावरात पावते जाहले. थोड्या वेळात बांधावर एक जीप आली, टपावर माणूस नि बोनेटवर माणूस ऐसी भरलेली. तिच्या मागे पिकअप, तिच्या मागे दुसरी. त्यांतून ज्या उतरल्या त्या सकळ स्त्रिया, पदर खोचलेला, कित्येकींच्या कमरेस खुरपे तैसेच, कारण निंदता निंदता निघून आल्या होत्या. वावरात झेंडू पिवळा आणि बांधावर लुगडी, साड्या, गाऊनवर टॉवेल, ऐसा रंग जाहला की मंगळू बेंडकोळी छत्री घेऊन दूर लिंबाखाली जाऊन उभे राहिले. आणखीही काही नवरे आले, पण ते मुख्यत्वे बायका कोठे चालल्या ते पाहण्यास आले होते.

अमितसाहेबांस जागा बदलल्याची खबर लॉनवर लागली. रिकाम्या खुर्च्या पाहून ते आधीच तापलेले, त्यांत पांढरे बूट चिखलात गेले, आणि ते वावरात येऊन पाहतात तो एकही शेतकरी त्यांस दिसेना. इकडे मिस्तरींनी यंत्राची दोरी ओढिली, यंत्र फुर्र करून गप्प. पुन्हा ओढिली, पुन्हा गप्प. बाईसाहेबांनी डोळे मिटून गोदामाईस नवस बोलिला. अमितसाहेबांनी मोबाईल काढिला आणि समोरच्या गाळेवाल्याचा नंबर शोधू लागले. जहागीर त्या एका बोटावर येऊन लटकली. तैसेच शोधता शोधता त्यांणी बाईसाहेबांस पुसले, "हे सगळं ठीक आहे मॅडम, पण यांचे मालक कुठायत?"

तेव्हा जे जाहले ते घोटीत सांगितले तर कोणी खरे मानणार नाही. समाधानराव पुढे आले. भातगिरणीच्या धडधडीत बोलायचे तर ओरडावे लागे, तो आवाज इतकी वर्षे गळ्यात न वापरता शिलकेस पडून होता, तो एकाएकी निघाला, आणि ऐन त्याच वेळी मिस्तरींची दोरी लागून यंत्रही धडधडले, तरी त्यावरूनही तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

"साहेब, मालकच आलेत!"

बांधावर हशा ऐसा उसळला की लिंबावरले बगळे उठले. चिमणाबाईंनी मिस्तरींच्या हातून यंत्राचे दांडे घेतले, सरीत घातले आणि चालत्या जाहल्या. पुढे लव्हाळा, हरळी, दुधाणी यांची गर्दी, आणि मागे काळी भुसभुशीत माती. सरीच्या टोकास जाऊन त्या वळल्या, आणि वळल्यावर सवयीने कमरेस हात लाविला, तो त्यांच्या ध्यानी आले की आपण सारी सरी उभ्यानेच चालून आलो. त्या तेथेच थांबल्या. डोळ्यांस पदर लाविला, तो धुळीने की कशाने, हे बखरकाराने पुसले नाही. मग इतर जणी रांगेत उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीस एक सरी पाहिजे म्हणोन भांडण लागले, आणि चिमणाबाईंचे वावर फुकटात निंदून निघाले, ही त्यांची दूरदृष्टी साऱ्यांच्या ध्यानी नंतर आली.

अमितसाहेब शोधीत होते तो नंबर तैसाच राहिला. त्यांणी बूट काढून हाती घेतले आणि बाईसाहेबांस सांगितले की जहागीर हिरवाईकडेच कायम, फर्मानातील 'मालक' हा शब्द आपण स्वये काढून टाकू. समोरच्या गाळेवाल्याची धुतलेली भिंत कोरीच राहिली. पुढे तीवर कोणी दवाखान्याची जाहिरात रंगविली.

तेणेप्रमाणे ही मोहीम फत्ते जाहली. गाळ्यातील यंत्रे गावोगाव रवाना जाहली आणि त्यांच्या जागी उजेड पडला. समाधानरावांची खुर्ची पंख्याखाली कायम, आणि पुढे गावी जाताना बसमध्ये त्यांणी घोटीचा थांबा मोठ्याने मागितला, तेव्हा कंडक्टर म्हणाला, अरे हा बोलतो. सखुबाईंच्या नातीचा विषय पुन्हा निघाला आहे. त्यात समाधानराव काय बोलिले ते विचाराल तर, हं.

एक कलम नोंदून ठेवणे जरूर. चिमणाबाईंनी यंत्र घेते वेळी मालकाचे नाव स्वतःचे सांगितले, आणि मोबाईल नंबर मंगळूचा देऊन ठेविला. यंत्र घरी पोचविण्याच्या दिवशी समाधानरावांनी त्या नंबरावर फोन लाविला, तो मंगळूनेच उचलिला. समाधानराव हसले, आरशावाचून हसले, आणि पुसते जाहले, "मालकीणबाई आहेत का?"

मंगळू म्हणाला, "मालकीण वावरात हाय. काय निरोप द्यायचा?"

हा जबाब जैसा आला तैसा उतरून घेतला. यश गोदामाईचे, श्रेय हुंकाराचे, चूक राहिली असेल ती बखरकाराची. कळावे.